अरण्यातून गिरगावास : पंडिता रमाबाईंचे चरित्र

पहिल्या सहामाहीत आमच्या वरच्या वर्गात उत्तर ध्रुवाकडील प्रवासाचा धडा चालला होता. नॉर्वे देशाचा धाडसी प्रवासी नान्सेन व त्याचा सोबती योहानसेन ह्यांनी १८९५-९६ चा हिवाळा फ्रान्झ योसेफ बेटांवर कसा काढला, दगडांच्या भिंती रचून व वर वॉलरसाचे कातडे पसरून केलेल्या खोपटात अस्वलाच्या मांसावर ते कित्येक महिने कसे जगले, हे वाचताना मुले अगदी तल्लीन झाली होती. धडा संपला तेव्हा लालबागेहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने आम्हांस प्रश्न केला, की असे थंडीवाऱ्यात, उपाशीपोटी, परक्या लोकांत टिकून राहण्याचे धैर्य आपल्या मराठी माणसांपैकी कोणी कधी दाखविले आहे काय? वर्गातील काही मुले हसली. मुंबईच्या मुलास थंडी ती कसली ठाऊक! परंतु आम्हांस तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आम्ही त्या मुलांस एवढेच सांगितले, की तुमच्या प्रश्नाचे उत्तर ह्या शाळेपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, गिरगावच्या चौपाटीजवळ, एके काळी राहत होते. आणि ते उत्तर म्हणजे एक स्त्री होय. तो तास तेथेच संपला. त्या दिवशी अपुरी राहिलेली हकीकत आज ह्या वार्षिकाच्या पानांवर पुरी करावी असे आम्ही योजिले आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. हे स्थान आजच्या कर्नाटक राज्यात येते. अशा निबिड रानात एका विद्वान ब्राह्मणाचे बिऱ्हाड कशासाठी गेले, हे समजल्यावाचून रमाबाईंचे पुढील आयुष्य समजणार नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळकडचे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी विद्येसाठी ते पुण्यास आले असता त्यांचे गुरू शेवटच्या बाजीराव पेशव्यांच्या राणीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक शुद्ध निघालेले ऐकून त्या तरुणास मोठे नवल वाटले व आपणही आपल्या पत्नीस शिकवावे, असा त्याने निश्चय केला. प्रथम पत्नीच्या वेळी घरच्या मंडळींनी तो हेतू तडीस जाऊ दिला नाही. पुढे ती निवर्तली. नंतर तीर्थयात्रेत भेटलेल्या एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांस दिली. तीच लक्ष्मीबाई, रमाबाईंची माता. तिला शिकविण्यासही जेव्हा विरोध होऊ लागला, तेव्हा अनंतशास्त्र्यांनी गाव सोडून रानाची वाट धरली.

त्या रानातील पहिल्या रात्रीची हकीकत मोठी हृदयद्रावक आहे. डोक्यावर छप्पर नाही, भोवती किर्र अंधार, आणि दरीपलीकडून वाघाच्या डरकाळ्या येत आहेत. ती कोवळी मुलगी पासोडीत अंग गुंडाळून भयाने थरथरत जमिनीवर पडली होती आणि तिचा पती उजाडेपर्यंत पहारा करीत बसला होता. अशा ठिकाणी पुढे झोपडी उभी राहिली, विद्यार्थी येऊ लागले, यात्रेकरू उतरू लागले व लक्ष्मीबाई संस्कृतात पारंगत झाल्या. स्त्रीस संस्कृत शिकविणे शास्त्रविरुद्ध आहे, अशी तक्रार झाल्यावरून अनंतशास्त्र्यांस उडुपी येथे धर्मसभेपुढे उभे राहावे लागले. तेथे त्यांनी ग्रंथांचे आधार काढून आपली बाजू सिद्ध केली. म्हणजे रमाबाईंच्या जन्मापूर्वीच त्यांच्या आईच्या अक्षरांसाठी एक लढा होऊन गेला होता.

परंतु आल्यागेल्याचे आतिथ्य करता करता शास्त्रीबुवांचे द्रव्य संपले व कर्ज झाले. रमा सहा महिन्यांची असताना त्यांस आश्रम सोडावा लागला. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाने त्या तान्ह्या मुलीस डोक्यावरून डोंगराखाली आणले. तेथून जी यात्रा सुरू झाली ती पुढे कित्येक वर्षे संपली नाही. आईबाप, वडील बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास व रमा असे हे कुटुंब क्षेत्रामागून क्षेत्र हिंडे. देवळाच्या आवारात बसून पुराण सांगावे, श्रोते जी दक्षिणा देतील तीवर निर्वाह करावा, असा क्रम असे. वडिलांची दृष्टी पुढे अधू होत गेली, म्हणून रमेस शिकविण्याचे काम आईनेच केले. पहाटे मुलीस मांडीवर घेऊन ती तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. बारा वर्षांची होईतो रमेस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते. घरात मराठी, ग्रंथात संस्कृत, आणि वाटेत भेटतील त्या लोकांची भाषा. कानडी व हिंदुस्थानी ह्या भाषा रमेने अशा चालता चालता उचलल्या. शाळा अशी तिने पाहिलीच नव्हती.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ह्या कुटुंबाजवळ जे काही द्रव्य साठले होते ते पुण्यप्राप्तीच्या आशेने दानधर्मात व व्रतवैकल्यांत खर्च होऊन गेले होते. शास्त्रीबुवांच्या मुलांस श्लोक येत होते, परंतु हातांनी करावयाचे कोणतेही काम येत नव्हते. आणि मोलमजुरी करावी तर विद्वान ब्राह्मणाच्या कुळास त्यात कमीपणा वाटे. भीकही मागवेना. भांडी गेली, वस्त्रे गेली, अखेर काहीच उरले नाही. तेव्हा तिरुपतीजवळच्या रानात जाऊन तेथेच देह ठेवावा अशा विचाराने ती पाच माणसे अरण्यात शिरली. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडांचा पाला व थोडी रानखजुरे एवढ्यावर त्यांनी काढल्या. वृद्ध पित्याने पवित्र जलाशयात प्राण अर्पण करण्याचे योजिले. त्या वेळी श्रीनिवासाने कुळाचा अभिमान बाजूस ठेविला व आपण मजुरी करून सर्वांस पोसू, असे सांगून वडिलांस परत फिरविले. आमच्या मते ह्या कुटुंबाच्या इतिहासातील सर्वांत शौर्याचा क्षण तो होय. वाघाच्या रानात पहारा करणे सोपे. शास्त्र्याच्या मुलाने डोक्यावर ओझे घेण्यास तयार होणे त्या काळी त्याहून कठीण होते.

परंतु हा निश्चय व्हावयास फार उशीर झाला होता. १८७४ च्या जुलैत अनंतशास्त्री वारले. मरणापूर्वी त्यांनी आपल्या धाकट्या कन्येस जवळ घेऊन ईश्वराच्या हाती सोपविले. त्यानंतर दीड महिन्याच्या आतबाहेर लक्ष्मीबाईही अंथरुणास खिळल्या. भुकेल्या आईसाठी भाकरीचा तुकडा मागावा म्हणून रमा शेजारच्या एका ब्राह्मणाच्या दारी जाऊन उभी राहिली. जिला हजारो श्लोक पाठ होते, तिच्या तोंडून त्या वेळी एक शब्द फुटेना. डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागले. त्या घरच्या बाईने न सांगता ओळखले व बाजरीच्या भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेविला. तो घेऊन मुलगी धावत परत आली, परंतु आईच्या अंगी तो खाण्याचे त्राण उरले नव्हते. आई गेली तेव्हा तिरडीस खांदा देण्यास पुरती माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोघे ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास. चौथी रमा झाली. तिची उंची कमी, म्हणून तिरडीचा आपल्या वाट्याचा भार तिने डोक्यावर घेतला. त्या वेळी तिचे वय सोळा वर्षांचे होते. पुढे वडील बहीण कृष्णाबाईही पटकीने दगावली.

उरली दोघे. ती भावंडे पायी चालत उत्तरेस निघाली. पुढील काही वर्षांत त्यांनी पंजाब व काश्मीरपर्यंत मजल मारली आणि एकंदरीने सुमारे ४,००० मैलांची पायपीट केली. मिळाल्यास मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खावे, न मिळाल्यास रानातील टणक फळे आठीसुद्धा गिळावी. दक्षिणेतील ह्या मुलांस उत्तरेकडील हिवाळा ठाऊक नव्हता. झेलम नदीच्या काठी त्यांस कडाक्याच्या थंडीने गाठले. अंगावर पुरते वस्त्र नाही, पांघरूण नाही, आसरा नाही. तेव्हा त्या दोघांनी नदीच्या वाळवंटात शेजारी शेजारी दोन खड्डे खणले, त्यात आपणांस गळ्यापर्यंत पुरून घेतले, केवळ डोकी बाहेर ठेविली आणि रात्र काढली. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या धड्यातील नान्सेनाने बर्फात खोपट बांधिले ते आठवा. त्याच्याजवळ बंदूक होती, काडतुसे होती, कातडी होती. ह्या बहीणभावांजवळ झेलमची वाळू होती व दोन हात होते.

आणखीही एक साम्य आमच्या ध्यानात येते. नान्सेनास बर्फाच्या प्रदेशात तगता आले ह्याचे एक कारण असे, की त्यापूर्वी ग्रीनलंडात त्याने १८८८-८९ चा हिवाळा तेथील मूळच्या लोकांत घालविला होता. त्यांच्या होड्या चालविण्यास तो शिकला, त्यांचे राहणे, खाणे व बोलणे त्याने मन लावून पाहिले. परक्या प्रदेशात ज्याला जगावयाचे आहे त्याने तेथील माणसांचे शिष्यत्व पत्करले पाहिजे. रमाबाई हे आपल्या पद्धतीने शिकल्या. संस्कृत ही पंडितांची भाषा, ती सर्व हिंदुस्थानात पंडितांच्या सभेत चाले. परंतु त्याच पंडिताच्या घरातील स्त्रीस ती समजत नसे. भाकरीचा तुकडा देणारी बाई स्वयंपाकघरात असते, सभेत नसते. म्हणून ज्या प्रांतात जावे तेथील बायाबापड्यांची बोली शिकून घ्यावी, हा रमाबाईंचा जन्माचा परिपाठ झाला.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. एक वीस वर्षांची अविवाहित मुलगी पुराणे मुखोद्गत म्हणते व संस्कृतात अस्खलित भाषण करिते, हे पाहून बंगाल्यातील विद्वान थक्क झाले. पंडितांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन ह्यांनी तिला वेदाची प्रत दिली. काल ज्या मुलीस बाजरीचा तुकडा मागता आला नव्हता, तिच्या गळ्यात आज हार पडत होते. परंतु हे सुखही टिकावयाचे नव्हते. १८८० साली ढाक्यास श्रीनिवासाचा अंत झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी श्रीनिवासाचे स्नेही बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. एप्रिल १८८१ मध्ये त्यांस मनोरमा ही कन्या झाली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीस पटकीने नेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई एका तान्ह्या मुलीसह जगात एकट्या उरल्या.

त्याच साली त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले व सरकारने नेमिलेल्या हंटर शिक्षण कमिशनापुढे साक्ष देऊन स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर होण्याची सोय असावी अशी मागणी केली. स्वतः वैद्यकी शिकावी ह्या हेतूने १८८३ साली त्या लहान मनोरमेस घेऊन इंग्लंडास निघाल्या. प्रवासखर्चास पुस्तकाच्या विक्रीचा पैसा उपयोगी पडला.

येथून दुसरे अरण्य सुरू होते. इंग्लंडात वाघ नव्हते. परंतु थंडी होती, धुके होते, आणि जिच्यात आपणांस मनातले बोलता येत नाही अशी भाषा होती. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्यांस आसरा मिळाला. तेथे त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. सोबत आलेली आनंदीबाई भगत ही मैत्रीण मात्र त्या परक्या देशी मनाचा तोल सांभाळू शकली नाही व तिचा तेथेच शोकजनक अंत झाला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहो. परदेशगमनाच्या कथा वाचताना जे परत आले त्यांचीच नावे आपण लक्षात ठेवितो; जी माणसे त्या एकलकोंडेपणात मोडून पडली त्यांचाही आपल्या करुणेवर हक्क आहे.

रमाबाई मोडल्या नाहीत, आणि विरघळूनही गेल्या नाहीत. धर्म बदलला तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही व लुगडे टाकले नाही. ज्या गोष्टी आपल्या बुद्धीस पटत नाहीत त्या केवळ वडीलधाऱ्यांनी सांगितल्या म्हणून मानावयाच्या नाहीत, हा बापाचा बाणा त्यांनी मठातही सोडला नाही. गुरुस्थानी मानलेल्या भगिनींशीही धर्मविषयक प्रश्नांवर त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. ह्याच दिवसांत कानांनी त्यांस दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याची आशा सोडावी लागली. ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडला तीच हातची गेली. दुसरी एखादी हताश होऊन परत फिरली असती. रमाबाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात गेल्या, तेथे गणित, शास्त्रे व ग्रीक भाषा शिकू लागल्या व स्वतः संस्कृत शिकवू लागल्या. अधू कानांनी परकी भाषा शिकणे किती कष्टाचे असते, हे ज्याने वर्गात मागच्या बाकावर बसून धडा ऐकण्याचा यत्न केला असेल त्यास कळेल.

१८८६ च्या आरंभी अमेरिकेतून बोलावणे आले. फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशी ह्यांस ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळावयाची होती. त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. दोन मराठी स्त्रिया, एक कल्याणची व एक गंगामूळच्या रानातली, हिवाळा सरत असताना अटलांटिकापलीकडे एका दिवाणखान्यात समोरासमोर उभ्या राहिल्या, ही कल्पनाच किती हृद्य आहे! आनंदीबाई त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईस परतल्या, परंतु क्षयाने खंगलेल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयास बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. रमाबाई पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहून गावोगाव हिंडल्या, बालविधवांची दुःस्थिती तेथील लोकांस त्यांच्या भाषेत सांगितली, त्या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व त्यांच्या नियोजित शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे त्याने पत्करले. त्या देशाची लोकस्थिती व आपला प्रवास ह्यांवर रमाबाईंनी मराठीत जे पुस्तक लिहिले ते १८८९ साली प्रसिद्ध झाले. परक्यांपासून काय घ्यावे व काय घेऊ नये, ह्याचा त्यात त्यांनी मोकळेपणाने विचार केला आहे.

आता आम्ही आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे व गिरगावाकडे येतो. फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई जपानमार्गे मुंबईस परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन उघडले. तेथे राहावयास आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. पुढे १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला व ती आनंदीबाई कर्वे म्हणून सर्वांस परिचित झाली. ज्या मुलीस घरात तोंड वर करून बोलण्याची मुभा नव्हती, तिला ह्या सदनात अक्षरे मिळाली. प्रत्येकीस आपापला आचार पाळण्याची मोकळीक होती. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या त्यांत रमाबाई होत्या. १८९० च्या अखेरीस शारदा सदन पुण्यास गेले. गिरगावात ते दोन वर्षेही नव्हते. तथापि बीज येथे पडले, हे आपण विसरता कामा नये.

पुण्यास १८९३ साली मोठे वादळ झाले. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, काही मुली तेथे आपण होऊन येऊन बसत. ह्यावरून सदनात ख्रिस्ती धर्माचा प्रसार होतो असा आरोप झाला. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारख्या थोर पुरुषांनीही अंग काढून घेतले व कित्येक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. आम्ही स्वतः ख्रिस्ती असलो तरी ह्या वादात एकाच बाजूस न्याय देणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या आईबापांनी विश्वासाने मुली धाडल्या त्यांची भीती खोटी नव्हती. आणि ज्या स्त्रीने आपला विश्वास लपवून ठेवण्याचे नाकारले तिचा प्रामाणिकपणाही खोटा नव्हता. दोन्ही बाजूंची माणसे चांगली असूनही त्यांची ताटातूट होते, असे प्रसंग इतिहासात येतात. रमाबाईंस त्याचे दुःख झाले, परंतु त्यांनी काम थांबविले नाही.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंस आपले रानातील अकरा दिवस आठवले असतील, ह्यात आम्हांस संशय वाटत नाही. त्या स्वतः तेथे गेल्या. रस्त्यांच्या कडेस सांगाडे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या व शेकडो मुलींस बरोबर आणिले. त्याच वेळी पुण्यात प्लेगाची साथ होती, म्हणून दौंडच्या बाजूस केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. हेच मुक्तिसदन होय. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतील मुलीही आल्या व सदनाची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या प्रांतांच्या, इतक्या बोली बोलणाऱ्या मुली! त्यांची आई होण्यास जिने कानडी, हिंदुस्थानी व बंगाली स्वयंपाकघरे पाहिली होती अशीच स्त्री पाहिजे होती.

पालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट येथे आहे. मुक्तिसदनात केवळ वाचन व लेखन शिकवीत नसत. शेती, गाईगुरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अशी अनेक कामे मुली करीत. अंध स्त्रियाही बोटांनी वाचण्यास व हातांनी विणण्यास शिकल्या. ह्याचे मूळ कोठे आहे ते आपण वर पाहिले. हजारो श्लोक येणारे कुटुंब, हातास काम नसल्यामुळे व कामाची लाज वाटल्यामुळे, उपाशी मेले. आपल्या मुलींच्या बाबतीत तसे होऊ द्यावयाचे नाही, हा रमाबाईंचा निर्धार होता. पुस्तक व अवजार ह्या दोहोंस त्यांनी एका घरात नांदविले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक प्रचंड कार्य अंगावर घेतले. बायबलाची त्या वेळी प्रचलित असलेली मराठी भाषांतरे संस्कृतप्रचुर असल्यामुळे खेड्यातील अडाणी बाईस समजत नाहीत असे पाहून, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, त्यांनी एकटीने साध्या मराठीत सबंध बायबलाचे नवे भाषांतर केले. त्यास सुमारे अठरा वर्षे लागली. ते छापण्याचे काम सदनातील मुलींनीच चालविले. संस्कृताच्या बळावर ज्या स्त्रीस सरस्वती ही पदवी मिळाली होती, तिने शेवटी संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूस काढिले, ते एवढ्यासाठी की दळणकांडण करणाऱ्या बाईस अर्थ कळावा. ज्या बाईने न बोललेला शब्द ओळखून भाकरी दिली होती, तिच्या ऋणाची ही फेड होती असे आम्हांस वाटते.

१९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद हे पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा, जी आईचा उजवा हात होऊन राहिली होती, ती निवर्तली. वाळूत शेजारी पुरून घेणारा भाऊ, पती, आणि आता कन्या, सर्व गेले. तरीही वृद्ध रमाबाईंनी भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम शेवटास नेले व ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेविला. सबंध ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. १९८९ साली भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढिले. केडगावचे मुक्तिसदन आजही निराधारांस आसरा देत आहे.

आता एक शेवटची गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. ज्या दिवशी वर्गात तो प्रश्न निघाला त्या दिवशी, हसणाऱ्या मुलांच्या गर्दीत, एक मुलगा मुळीच हसला नव्हता. तो त्याच वर्षी दूरच्या प्रांतातून वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईस आला होता. त्यास मराठी नीट येत नसे व त्याच्या उच्चारांची वर्गात थट्टा होई. ही थट्टा आमच्या कानांवर येत होती व ती वेळीच न थांबविण्याचा दोष आमचाच होता, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. त्या मुलास ध्रुवप्रदेश शोधावयास दूर जावयाचे नव्हते. आमच्या वर्गातच तो त्याच्या भोवती पसरलेला होता. रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले तेव्हा ही गोष्ट आमच्या मनास फार लागली. दुसऱ्या दिवसापासून लालबागच्या त्याच विद्यार्थ्यास, ज्याने प्रश्न विचारला होता, आम्ही त्या मुलाशेजारी बसविले व दोघांनी रोज एकमेकांस आपल्या भाषेचे पाच शब्द शिकवावे असे सांगितले. वार्षिक परीक्षेपर्यंत हा क्रम एक दिवसही चुकला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या परळ-लालबागच्या चाळी एके काळी कोकणातून व घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसांनीच भरल्या. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी माणसे येण्याचे थांबले नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी असा आहे, की जो प्रथम ह्या शहरात उतरला तेव्हा त्यास येथील बोलणे, चालणे, सर्वच परके होते, आणि कोणा अनोळखी माणसाने त्यास भाकरीचा तुकडा किंवा एखादा शब्द दिला होता. चौपाटीवर फिरावयास जाल तेव्हा क्षणभर थांबा. तेथील वाळूकडे पाहा व झेलमकाठची ती दोन डोकी मनात आणा. मग घरी परत जाताना आपल्या चाळीत, आपल्या वर्गात, नव्याने आलेले कोण आहे, हे विचारा. आणि त्याची भाषा आपणांस येत नसल्यास, ती शिकण्याचा आरंभ त्याच्या नावापासून करा.